दिवा पेटलेला नाही, मग काच बदलल्यावर कॅलिब्रेशन कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या एका गृहस्थांची 2023 ची अडास असलेली, म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगला आपोआप मदत करणारी यंत्रणा असलेली एसयूव्ही आहे. पुढे काचेवर कॅमेरा, बंपरमागे रडार, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणारी बाजू बघणारी रडार. कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली आणि काच तडकली. काचवाल्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन काच बदलून दिली. त्याच महिन्यात ऐरोलीच्या सिग्नलला पुढचा बंपर टेम्पोला टेकला, आणि मागचा डावा कोपरा पार्किंगच्या खांबाला घासला. दोन्ही ठिकाणी ओळखीच्या पेंटरने पुट्टी मारून रंग दिला. आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय की कॅमेरा आणि रडार दोन्ही कॅलिब्रेट करावे लागतील, म्हणजे त्यांचा बघण्याचा कोन पुन्हा जुळवावा लागेल. त्यांचा सवाल: "डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही, मग हे कशाला? पैसे काढायचा प्रकार आहे का? मेव्हण्याकडे ब्लूटूथ स्कॅनर आहे, त्यावर नाही का होणार?" आणि जाता जाता एक ओळ: "अटल सेतूवर लेन कीप चालू असलं की गाडी जरा डावीकडे ओढते, पण ते चाकांच्या अलाइनमेंटचं असावं."

साहेब, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ही शेवटचीच आहे. तिथूनच सुरू करतो.

पुढच्या वेळी त्याच पट्ट्यावर, त्याच लेनमध्ये, साधारण त्याच वेगाने लेन कीप, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग वळवणारी सोय, बंद करून जा. स्टिअरिंग हलकं धरा. ओढ तशीच राहिली तर अलाइनमेंट, टायर नाहीतर रस्त्याचा उतार. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे थोडी ओढ निरोगी गाडीलाही असते. पण लेन कीप बंद केल्यावर ओढ गेली आणि चालू केल्यावर परत आली, तर चाकांचा दोष नाही. कॅमेरा तिरका बघतोय. समजा तो किंचित उजवीकडे वळलाय. मग त्याला अख्खी लेन डावीकडे सरकलेली दिसणार. त्याला वाटणार, गाडी उजवीकडे चाललीय. तो स्टिअरिंग डावीकडे ओढणार. त्याच्या हिशोबाने तो गाडी लेनच्या मध्यावर आणतोय, आणि तुम्हाला मात्र दर वेळी पांढरी पट्टी डाव्या चाकाजवळ येताना दिसते.

दिवा का पेटत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. कॅमेऱ्याला स्वतःचं पोट कळतं: व्होल्टेज कमी झालं, वायरिंग तुटलं, समोर चिखल आला, काचेवर वाफ धरली, की तो तक्रार करतो. पण आपण कुठल्या कोनात बसलोय हे त्याला आतून कळायला मार्ग नाही. काच बदलताना काचवाल्याने तोच कॅमेरा काढून तोच परत लावला. कॅमेऱ्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. कनेक्टर निघाला, कनेक्टर लागला. त्याच्या मेमरीत जुन्या काचेचा कोन आहे आणि तो त्यावरच विश्वास ठेवून चालतो. पुष्कळ कॅमेरे चालता चालता लेनच्या पट्ट्या बघून स्वतःला थोडं सावरून घेतात, हे खरं. पण ती सावरासावर लहानसहान फरकापुरती असते, आणि सुरुवातीचा कोन कोणीतरी बरोबर दिलेला असेल तरच ती कामाची. चूक फारच मोठी झाली तर दिवा पेटतो. मधल्या पट्ट्यात, म्हणजे काम बिघडेल एवढी पण तक्रार होणार नाही एवढी चूक असेल, तर गाडी गप्प बसते. तुमची गाडी बहुधा तिथेच आहे.

"पण काच तशीच, ब्रॅकेट तसंच, फरक पडणार किती?" हा पुढचा प्रश्न येतोच, म्हणून हिशोब मांडतो. कॅमेऱ्याचं ब्रॅकेट काचेला चिकटवलेलं असतं, म्हणजे नवी काच आली की ब्रॅकेटही नवं. काच बॉडीवर बसते ती पॉलियुरेथेनच्या, म्हणजे काचेच्या गोंदाच्या, जाड रेषेवर. ती रेषा तुमच्या पार्किंगमध्ये गनने हाताने ओढलेली आहे. खालच्या बाजूला ती 3 मिलिमीटर जास्त जाड राहिली, तर साधारण 85 सेंटिमीटर उंचीच्या काचेचा कोन 0.2 अंशांनी बदलतो. डोळ्याला दिसणारही नाही. आता कॅमेरा जमिनीपासून 1.3 मीटरवर आहे असं धरा. 50 मीटरवरच्या गाडीची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा त्याला क्षितिजाच्या दीड अंश खाली दिसते, आणि त्या दीड अंशावरून तो अंतर काढतो. त्यात 0.2 अंशाची चूक घातली की तीच गाडी एका दिशेने जवळजवळ 58 मीटरवर वाटते, दुसऱ्या दिशेने 44 वर. कॅमेरा फक्त एवढ्यावर अवलंबून नसतो. तो समोरच्या गाडीची रुंदीही बघतो, ती किती भरभर मोठी होतेय तेही बघतो, आणि तुमच्या गाडीत जोडीला रडार आहे. पण 3 मिलिमीटर गोंदाने एवढा गोंधळ होऊ शकतो, म्हणून काच बदलली की कॅमेरा कॅलिब्रेट करायचाच. माझ्याकडे याला अपवाद नाही. ज्या गाड्यांत पुढे रडारच नाही, सगळं एकट्या कॅमेऱ्यावर चालतं, तिथे तर याबाबत घासाघीस करूच नये. होंडा सिटी आणि एलिव्हेट त्यातल्याच.

काचेबद्दल दोन गोष्टी तुम्ही स्वतः तपासू शकता. कोपऱ्यातला छाप बघा: आयएसआयची खूण, आयएस 2553 हा आकडा आणि बनवणाऱ्याचं नाव. मग गाडीत बसून कॅमेऱ्याच्या अगदी आजूबाजूची काच बघा. लांबची सरळ रेघ, एखादा विजेचा खांब किंवा इमारतीची कड त्या भागातून बघत डोकं हळूहळू हलवा. रेघ लाटेसारखी वाकली तर त्या काचेवर कॅलिब्रेशन एक तर होणारच नाही, किंवा झालं तरी भरवशाचं नसेल. कुर्ल्याला सीएसटी रोडवर उतरवलेली काच स्वस्तात मिळते. साध्या गाडीला कोणी लावली तर मी काही बोलत नाही. अडासच्या गाडीला लावू नका. आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये काच बसवून घेतली असेल तर एक लक्षात ठेवा: पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानेच पक्कं होतं, त्यामुळे मुंबईची हवा त्याला मानवते, पण चिकटवायच्या वेळी बॉडीची कड मात्र कोरडी ठणठणीत हवी. गोंद पक्का व्हायच्या आत कॅलिब्रेशन करू नये, कारण काच तोवर बसत असते.

आता बंपर. इथे सर्व्हिस सेंटरशी माझं पूर्ण पटत नाही. त्यांनी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारलेलाच नाही: बंपरवर काय थापलंय?

गाड्यांची रडार बहुतेक 77 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्या लहरीची लांबी साधारण 4 मिलिमीटर, प्लास्टिकच्या आत आणखी कमी. बंपरचं प्लास्टिक तिथे किती जाड असावं, त्यावर रंगाचे थर किती, हे कंपनीने रडारचा विचार करून ठरवलेलं असतं. लहर त्यातून सरळ पार व्हावी म्हणून. त्यावर 2 मिलिमीटर पुट्टी चढली, म्हणजे लहरीच्या वाटेत अर्ध्या लांबीएवढा वेगळाच पदार्थ आला. पुट्टी कुठे जाड, कुठे पातळ. काही लहर परत फिरते, काही वाकते. वरून मेटॅलिक रंगाचे दोन-तीन जास्तीचे थर दिले असतील तर त्यातली अॅल्युमिनियमची भुकटी आणखी अडवते. मग मागचं रडार बाजूच्या लेनमधली रिक्षा उशिरा दाखवतं, किंवा नसलेली दाखवतं. घाणेरड्या चष्म्याचा नंबर कितीही वेळा तपासला तरी अक्षरं स्वच्छ दिसत नाहीत, तसंच पुट्टीमागच्या रडारचं आहे. कॅलिब्रेशनने कोन सुधारतो, पुट्टी जात नाही. म्हणूनच कित्येक कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकात रडारसमोरच्या भागात पुट्टी, वेल्डिंग, स्टिकर यांना साफ मनाई असते.

तुमचा मागचा डावा कोपरा म्हणजे नेमकी हीच जागा. पेंटरला स्पष्ट विचारा: पुट्टी कुठवर घेतली, आतून प्लास्टिक वेल्ड केलंय का, जुना रंग खरवडला की त्यावरच मारला? ओळखीचा आहे, खरं सांगेल. रंगाची जाडी मोजायचं साधं चुंबकी मीटर पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, तेव्हा त्यावर कोणी आकडा दाखवला तर हसून सोडून द्या. बंपर उतरवायचा, आतून बघायचं. रडार कुठे बसतं हे तेव्हाच दिसतं, आणि पुट्टी त्याच्या तोंडासमोर आहे की खाली-बाजूला आहे तेही. बाजूला असेल तर नशीब. समोर असेल तर मागच्या बंपरची नवी कातडी, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं कवच, घ्या, तिला कंपनीने सांगितलेल्या थरांनी रंग द्या, आणि मग कॅलिब्रेशनचं बोला. उलट्या क्रमाने केलंत तर पैसे दोनदा जातील.

पुढच्या बंपरचं प्रकरण निराळं. टेम्पोला नुसतं टेकलं म्हणता, पण रडार ज्या पट्टीवर बसतं ती पातळ असते आणि बंपरचं प्लास्टिक दाबून परत जागेवर येतं. बाहेर ओरखडासुद्धा नाही आणि आत ब्रॅकेट वाकलेलं, हे नेहमीचं. रडार एक अंश बाजूला बघायला लागलं तर 100 मीटरवर ते पावणेदोन मीटर चुकतं. हायवेची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन. तुमच्या समोर रस्ता मोकळा असताना क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखणारी सोय, अचानक वेग कमी करतो, कारण तो शेजारच्या लेनमधल्या कंटेनरला तुमच्या पुढचा समजतोय. किंवा पुढचा कंटेनर त्याला शेजारचा वाटतो, आणि हे जास्त वाईट.

पण म्हणून बंपर काढला की प्रत्येक वेळी पूर्ण कॅलिब्रेशन, असंही नाही. फॉग लॅम्प बदलायला बंपर उतरवला, रडार आणि त्याचं ब्रॅकेट हलवलं नाही, तर पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर रडारचा चुकीचा कोन थेट वाचता येतो. तो मर्यादेत असेल, ब्रॅकेट सरळ असेल, रडारच्या तोंडावर धरलेली लेव्हल बरोबर दाखवत असेल, तर मी गाडी सोडतो. अर्थात त्या गाडीच्या पुस्तकात सक्ती असेल तर सक्ती. पार्किंगच्या बिप-बिप सेन्सरना तर असं कॅलिब्रेशन सहसा लागतच नाही. ते सरळ बसलेत ना, रंगाचा जाड थर नाही ना, एवढं बघायचं. एस्टिमेटमध्ये त्यांच्या नावावर प्रत्येकी रक्कम लावली असेल तर कशासाठी ते विचारा. 360 अंशांच्या कॅमेऱ्यांचं वेगळं: आरसा, डिकीचं दार किंवा ग्रिल बदललं तर जमिनीवर चौकटीच्या चटया अंथरून ते जुळवावे लागतात. तुमच्या बाबतीत त्याची गरज दिसत नाही.

पैसे काढायचा प्रकार ओळखायचा कसा? काम कसं होतं हे माहीत असलं की आपोआप कळतं.

कॅलिब्रेशनच्या आधी व्हील अलाइनमेंट. मागची चाकं गाडीला ज्या रेषेत ढकलतात त्या रेषेवर कॅमेरा आणि रडार जुळवायचे असतात. ती रेषाच तिरकी असेल तर पुढचं सगळं काटेकोर काम चुकीच्या रेषेवर होतं. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर घोडबंदर रोडवरून रोज जाणारी गाडी अलाइनमेंटमध्ये असेल असं मी गृहीत धरत नाही. सोबत स्टिअरिंग किती वळलंय हे सांगणाऱ्या अँगल सेन्सरचं शून्य बघायचं. मग टायरमधली हवा, थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. डिकी रिकामी. क्रिकेटचं किट, पाण्याचे कॅन, दिवाळीत घ्यायचं राहून गेलेलं सामान, सगळं बाहेर. मागे 60 किलो असले की गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेऱ्याचा कोन बदलतो.

स्टॅटिक पद्धतीत गाडी सपाट जमिनीवर उभी करतात. सपाट म्हणजे डोळ्याला सपाट नव्हे, लेझर लेव्हलने तपासलेली. चाकांच्या मध्यावरून आणि लोगोच्या मध्यातून ओळंबा सोडतात, हो, गवंडी वापरतो तोच, आणि जमिनीवर खुणा करून गाडीची मध्यरेषा आखतात. तिच्या समोर पुस्तकात दिलेल्या अंतरावर, दिलेल्या उंचीवर त्या कंपनीचा टार्गेट बोर्ड. आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात या आखणीलाच सगळ्यात जास्त वेळ जातो. नंतर लॅपटॉपवर बटण दाबायचं काम मिनिटांचं. बोर्डवर सारखा उजेड पडावा लागतो, मागून ऊन आलं किंवा चमकणारं शटर असलं की कॅमेरा नाही म्हणतो. रडारला बोर्डऐवजी धातूचा तीन पृष्ठांचा परावर्तक लागतो, आणि आजूबाजूला कपाटं, जॅक, दुसरी गाडी नको. मुंबईत खरी अडचण यंत्राची नाही, जागेची आहे. गाडीपुढे सहा-सात मीटर मोकळी, सपाट, बंदिस्त जागा कोणाकडे आहे? वर्कशॉपमध्ये गेलात की नुसतं विचारा, "कुठल्या जागेवर करता, दाखवा." उताराच्या बेसमेंटमध्ये दोन लिफ्टच्या मधली फट दाखवली तर चहा घेऊन निघा.

काही गाड्यांना डायनॅमिक पद्धत लागते, काहींना दोन्ही. स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने, स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर, न थांबता चालवायचं. कॅमेरा स्वतः शिकतो आणि स्क्रीनवर टक्के वाढत जातात. वेग आणि वेळ गाडीगणिक वेगळे. शहरात यासाठी जागा मोजक्याच: अटल सेतू, फ्रीवे, कोस्टल रोड. अटल सेतू उत्तम, 21.8 किलोमीटर, कारला ताशी 100 ची मर्यादा, दुचाकी आणि रिक्षा नाहीत, पट्ट्या ठळक. चढ-उताराच्या रॅम्पवर 40 ची मर्यादा आहे, तिथे घाई नको. कोस्टल रोडवर 80, बोगद्यात 60. रविवारी सकाळी लवकर, कोरड्या रस्त्यावर, आणि दोघांनी जायचं. एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने लॅपटॉप बघायचा. जुलैच्या पावसात हे होत नाही. कोणी "भर पावसात करून आणलं" म्हणाला तर रिपोर्ट मागा.

रिपोर्ट हीच तुमची पावती. काम करण्याआधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन, अलाइनमेंटची प्रिंट, आणि कॅलिब्रेशन यशस्वी झाल्याचा कागद, ज्यावर तुमचा चासी नंबर, तारीख आणि किलोमीटर आहेत. गाडी आत गेली आणि दहा मिनिटांत "झालं साहेब" म्हणत बाहेर आली, तर त्यांनी फक्त गाडीच्या मेमरीतले दोषाचे कोड पुसलेत.

विम्याचं थोडक्यात. स्टँडर्ड मोटर पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, असेल तर तोही नाही. मागचा बंपर बदलायचा ठरला तर पेंटरकडे रोख देण्याऐवजी क्लेममध्येच घ्या, आणि कॅलिब्रेशन ही वेगळी ओळ एस्टिमेटमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी लिहून घ्या. बिल बंद झाल्यावर ती घुसवता येत नाही. काचेचा क्लेम बंद झाला असला तरी एकदा लेखी विचारून बघा, कारण कॅलिब्रेशन हा काच बदलण्याचाच भाग आहे.

तोवर लेन कीप बंद ठेवा आणि क्रूझ वापरायचाच तर साधा, अंतर राखणारा नको. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कित्येक गाड्यांत गाडी सुरू केली की पुन्हा चालू होते, तेव्हा ती बंद आहे असं धरून चालू नका आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. काम झाल्यावर "ब्रेक लागतो का बघू" म्हणून पार्किंगमध्ये खोकी किंवा भाऊ समोर उभा करू नका. खऱ्या रस्त्यावर लेनच्या मध्यावर राहते का, शेजारच्या लेनमधल्या गाडीला घाबरते का, एवढं बघणं पुरे.

काचेबरोबर तुमचा फास्टॅगही गेला असेल, कारण तो काढून परत लावता येत नाही. नवा बँकेकडून घ्याल तेव्हा आरशामागे चिकटवताना कॅमेऱ्याच्या पट्ट्याबाहेर लावा. कॅमेऱ्यासमोर अर्धा टॅग आलेली गाडी मी वरचेवर बघतो. डॅशबोर्डवर चकचकीत पॉलिश किंवा पांढरं कापड असेल तर तेही काढा, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं.

राहिला मेव्हण्यांचा स्कॅनर. तो ब्लूटूथ डाँगल इंजिनचे कोड वाचायला बरा. बहुतेक वेळा कॅमेरा आणि रडारच्या मॉड्यूलपर्यंत तो पोचतच नाही, त्यामुळे त्यावर "नो फॉल्ट" आलं म्हणजे त्याने तिकडे पाहिलेलंच नाही. आणि समजा महागडा स्कॅनर आणला, तो पोचला, तरी बोर्ड, ओळंबा आणि सपाट जमीन कुठून आणणार? मेव्हण्यांना अटल सेतूवर सोबत न्या. तुम्ही लेन कीप बंद-चालू करून चालवाल, तेव्हा डावं चाक पट्टीपासून किती लांब राहतं ते खिडकीतून बघायला माणूस लागेलच. तो फरक कागदावर लिहून सर्व्हिस सेंटरला द्या.